‘तकरारू इल्ल’च्या खाली आईची सही

(सीमाभागातल्या एका गावात शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

मला बोलायला बोलावलंत, पण मी वकील नाही आणि मोजणीदारही नाही. गोव्यात वीस-बावीस वर्षं वर्कशॉपात फिटर म्हणून काम केलं, आता गावात शेती बघतो. माझी लायकी एवढीच, की आमच्या शेताची सरकारी मोजणी एकदा चुकली आणि ती दुरुस्त होईपर्यंत अडीच वर्षं मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्या पायऱ्यांवर जे शिकलो ते सांगतो. तुमच्या गावठाणाचे नकाशे पंचायतीत लागलेत आणि घरोघरी नोटिसा आल्यात असं कळलं. त्याच्यावर शेवटी येतो. आधी माझी गोष्ट ऐका, कारण चूक कशी होते ते कळल्याशिवाय ती धरता येत नाही.

आमचं शेत उताऱ्यावर २ एकर १२ गुंठे. दक्षिणेला शेजारी, त्यांना आम्ही लहानपणापासून आप्पाकाका म्हणतो. त्यांचं शेत आमच्या दुपटीहून मोठं. दोन्ही शेतांच्या पश्चिमेनं रस्ता जातो. २०१९ च्या मे महिन्यात आप्पाकाकांनी हद्दबस्तासाठी अर्ज केला. त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना आपलं शेत दक्षिणेकडून कमी वाटत होतं, म्हणून त्यांनी सरकारी फी भरून हद्द दाखवून मागितली. नोटीस आमच्या घरी आली. मी गोव्यात, वडील आधीच वारलेले, घरात आई एकटी. मोजणीदार आला, यंत्र लावलं, खुणा केल्या आणि जाताना एका कागदावर आईची सही घेतली. आई मराठी चौथी शिकलेली. कागद कन्नडात. तिनं विचारलं, "ह्यात काय लिहिलंय?" उत्तर मिळालं, "तुम्ही हजर होता एवढंच." तिनं सही केली.

चतुर्थीला गावी आलो तर बांधाच्या आत खुंट्या ठोकलेल्या. आमचा बांध साधारण ४३५ फूट लांब आहे, आणि खुंट्या दहा फूट आमच्या बाजूला. फिटरला गुणाकार करायला कागद लागत नाही. ४३५ गुणिले १० म्हणजे ४३५० चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे चार गुंठ्यांना सहाच चौरस फूट कमी. चार गुंठे! आमच्याकडे चार गुंठ्यांत घर, गोठा आणि परसू बसतं.

मी तो कागद मागवला. त्याला तिकडं महजर म्हणतात, आपण पंचनामा म्हणतो. कन्नड येणाऱ्या एका मित्राकडून वाचून घेतला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "यावुदे तकरारू इल्ल." कोणतीही तक्रार नाही. त्याच्या खाली आईची सही, मराठीत, वळणदार.

मंडळी, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती ओळ आईला कुणी मोठ्यानं वाचून दाखवली असती, तरी तिला कळली असती. तकरारू म्हणजे तक्रारच की. मोजणी, नकाशा, हद्द, अर्जी, खराब, गुंटे हे शब्द कन्नड कचेरीत रोज चालतात आणि ते आपल्याला पाठ आहेत. शब्द परके नव्हतेच. तिला परकी होती ती लिपी, आणि वाचून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. आपल्या भाषेत कागद मिळाले पाहिजेत ही मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण घरातल्या एका तरी पोरानं कन्नड लिपी वाचायला शिकावं, हेही मी इथंच सांगतो. कुणाला राग आला तर येऊ दे. आईची सही कशावर गेली हे मला चार महिन्यांनी कळलं, ते घरात लिपी वाचणारं कुणी नव्हतं म्हणून.

आता मोजणी चुकते कशी, ते बघा. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपली मूळ मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीची. त्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची. साखळीचे सोळा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणी करताना प्रत्येक नंबराचं कच्चं चित्र काढून त्यावर साखळ्या-आणे लिहीत, ते टिप्पण. पुढं कितीही यंत्रं आली, रोव्हर आला, उपग्रहावरून बिंदू घ्यायला लागले, तरी तुमची हद्द ठरते ती त्या टिप्पणावरून. यंत्र फक्त अंतर बरोबर मोजतं. कुठल्या दगडापासून मोजायला सुरुवात करायची हे माणूस ठरवतो. आणि चूक तिथं होते.

मी टिप्पणाची प्रमाणित नक्कल काढली. फी थोडीच, हेलपाटे मात्र पाच. त्यात आमच्या शेताची रस्त्याकडची बाजू ७ साखळ्या, आप्पाकाकांची १४ साखळ्या ८ आणे. बेरीज २१ साखळ्या ८ आणे, म्हणजे ७०९ फूट ६ इंच. मी आणि माझा पुतण्या पहाटे टेप घेऊन गेलो. आमच्या उत्तरेच्या दगडापासून आप्पाकाकांच्या दक्षिणेच्या दगडापर्यंत मोजलं. ६९९ फूट आणि थोडे इंच. परत मोजलं, तेवढंच. दहा फूट जमीन वाटेतच कुठंतरी गायब.

जमीन गायब होत नाही, दगड सरकतो. दक्षिणेच्या कोपऱ्याला काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना मोरी बांधली होती. तेव्हा कामावरच्या माणसांनी हद्दीचा दगड उपटला आणि काम झाल्यावर मोरीच्या अलीकडं, उत्तरेला पुरून टाकला. त्यांना काय माहीत तो कशाचा दगड! मोजणीदारानं त्या सरकलेल्या दगडापासून सुरुवात केली आणि १४ साखळ्या ८ आणे मोजून आमच्यात खुंटी ठोकली. त्याचं मोजमाप बरोबर होतं, सुरुवात चुकली होती. आप्पाकाकांचं क्षेत्र कागदावर पूर्ण भरलं, आमचं दहा फुटांनी आत आलं, आणि त्यांच्या दक्षिणेला जी दहा फुटांची पट्टी राहिली ती पलीकडच्यानं नांगरून घेतली होती. त्या मोजणीदारानं पैसे खाल्ले असं गावात सगळे म्हणत होते. माझ्याकडं त्याचा पुरावा नव्हता, आणि असता तरी त्यानं माझा दगड जागेवर आला नसता. दोन दगडांमधलं अंतर टिप्पणाशी ताडून बघायचं हे त्यानं केलं नाही, एवढं मी सिद्ध करू शकत होतो. अर्जात तेवढंच लिहिलं.

ह्यातून पहिली गोष्ट घ्या. हरकत म्हणजे आरडाओरडा नव्हे. "माझ्यावर अन्याय झाला" असं लिहिलेला अर्ज फायलीत जाऊन झोपतो. "टिप्पणात अमुक दगड ते तमुक दगड अंतर २१ साखळ्या ८ आणे आहे, जागेवर दहा फूट कमी आहे, सबब मोजणीचा आरंभबिंदू तपासावा" असं लिहिलेल्या अर्जाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

कागद कोणते काढायचे तेही सांगतो. चालू उतारा, ज्याला तिकडं आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. आकारबंद, त्यात मूळ क्षेत्र आणि खराब क्षेत्र किती हे असतं. टिप्पण. पोटहिस्सा पडला असेल तर त्याचा फोडीचा नकाशा. गावनकाशा. फेरफाराच्या नोंदी. आणि ज्या मोजणीला आव्हान द्यायचं आहे तिचा नकाशा आणि महजर. उताऱ्यावरचं क्षेत्र आणि आकारबंदातलं क्षेत्र जुळतं का ते आधी बघा, पुष्कळांचं तिथंच जुळत नाही. खराबाचाही एक घोळ असतो. अ वर्गाचं खराब म्हणजे लागवडीला नालायक पण तुमच्या धारणेतलं, ब वर्गाचं म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. अ चं ब झालेलं असलं तर ती नुसती लिहिण्याची चूक म्हणून सोडून देऊ नका, त्यात तुमचे गुंठे जातात. मोबाइलवर दिशांक नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, उभं राहिलात त्या जागेचा सर्व्हे नंबर दाखवतं. अंदाजाला बरं आहे. पण अ‍ॅपवर रेषा इकडं दिसते म्हणून शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका. ती रेषा हद्दीचा पुरावा नाही.

कागद देत नसतील तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. नुसत्या नकला नाहीत, फाईल समोर बसून बघण्याचाही हक्क त्यात आहे. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द असा नियम आहे, म्हणून आजोबांपासूनची कहाणी त्यात लिहू नका. आता भाषेचं. ह्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. मराठी त्यात बसत नाही. पण हिंदी बसते! मी माझा अर्ज हिंदीत लिहिला. देवनागरीत, आपल्याला जमेल तसल्या हिंदीत. हसू नका, उत्तर आलं. कन्नडात आलं, पण नकला आल्या.

हरकतीच्या अर्जाचं मात्र वेगळं आहे. मी पहिला अर्ज मराठीत नेला तेव्हा खिडकीतून परत आला, "कन्नडदल्ली बरकोंडु बन्नी." कन्नडात लिहून आणा. तेव्हा मला संविधानाचं कलम ३५० कुणीतरी दाखवलं. गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं ते कलम सांगतं. मराठी ह्या राज्यात वापरात आहे हे सिद्ध करायला आपण इथं बसलोय तेवढं पुरे. पण मी काय केलं ते नीट ऐका. मराठी अर्ज वर ठेवला, कलम ३५० चा उल्लेख पहिल्या ओळीत केला, आणि खाली कन्नड भाषांतर जोडलं. हक्क सोडला नाही आणि कामही अडू दिलं नाही. खिडकीवर घेतला नाही तेव्हा पोचपावतीनिशी टपालानं पाठवला. काही लोक मला म्हणाले, भाषांतर जोडलंस म्हणजे नमलास. मी म्हटलं, भाषेचा लढा लढायला आपण पुष्कळ आहोत, त्या दहा फुटांसाठी मी एकटाच आहे. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सुप्रीम कोर्टात टाकला, त्याला किती वर्षं झाली बघा. बांधाच्या दाव्याला तेवढी मुभा नसते.

मुदत. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडचे निम्मे दावे सत्यावर हरत नाहीत, तारखेवर हरतात. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ चा. त्याच्या कलम १३६ खाली फेरफाराच्या नोंदीवर प्रांताकडं म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं साठ दिवसांत अपील करावं लागतं, आदेश कळवल्यापासून किंवा नोंद झाल्याचं कळल्यापासून. त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडं फेरतपासणी. मोजणीच्या निर्णयाविरुद्ध मोजणी खात्यातच वर जायचं, तालुक्याचे सहायक संचालक, जिल्ह्याचे उपसंचालक भूमी अभिलेख अशी ती शिडी. त्या अपिलांचं कलम ४९. उशीर झाला असेल तर उशीर माफीचा वेगळा अर्ज जोडा आणि उशीर का झाला ते खरं लिहा. आम्ही लिहिलं, नकाशाची प्रत आम्हाला दिलीच नव्हती आणि महजर कुणी वाचून दाखवला नव्हता. आईनं तसं प्रतिज्ञापत्र केलं. तेही मराठीत वाचून दाखवून, मगच सही. ह्या वेळी तिनं दोनदा वाचून घेतलं.

आणि सहीवरून आठवलं. महजरावर सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण काम दुप्पट अवघड होतं. सही करायची वेळ आली तर सहीच्या वर आपल्या हातानं, मराठीत लिहा, "मोजणी मान्य नाही, हरकत राखून सही करत आहे." तारीख घाला. सही न करताच निघून जाऊ नका, मग 'गैरहजर' लिहिलं जातं. फोनवर कागदाचा फोटो घ्या. मोजणीच्या वेळी कुठल्या दगडापासून सुरुवात केली त्याचाही फोटो घ्या. आमच्याकडं तो असता तर सहा महिने वाचले असते.

आमची सुनावणी सुरू झाली आणि कोरोना आला. कचेऱ्या बंद, तारखा पुढं. २०२१ च्या शेवटी वरच्या मोजणी अधिकाऱ्यानं फेरमोजणीचा आदेश काढला. मी आग्रह धरला की नोटीस फक्त आम्हा दोघांना नको, दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या शेतवाल्यांनाही द्या. ही दुसरी शिकण्यासारखी गोष्ट. चार बाजूंना नोटीस नसेल तर निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी पाचवा माणूस उठून तो पाडतो. २०२२ च्या फेब्रुवारीत फेरमोजणी झाली. ह्या वेळी तीन नंबरांच्या हद्दी मिळतात त्या जुन्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. मोरीजवळचा दगड खोटा ठरला, मूळ जागेची खूण मोरीच्या पलीकडं निघाली. आमचे दहा फूट परत आले. आप्पाकाकांना त्यांची पट्टी दक्षिणेला मिळाली, आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण अडीच वर्षं ते माझ्याशी बोलत नव्हते आणि जमीन भलत्यानंच खाल्ली होती.

पण सगळंच आमच्यासारखं झालं नाही. त्याच मोजणीत निघालं की आमचा उत्तरेचा बांध दीड फूट पलीकडच्याच्या शेतात आहे. वडिलांच्या आधीपासूनचा असणार, आम्हाला कल्पना नव्हती. हिशेब केला तर अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. ते सोडावं लागलं, दोन शेवग्याची झाडं गेली. मोजणीला आव्हान देताना हे मनात धरूनच जा. टेप दोन्हीकडं पडतो.

आप्पाकाका मराठीच, आमच्याच गल्लीतले. दक्षिणेचा पट्टी नांगरणाराही मराठीच. आपल्यावर अन्याय होतो तो सगळा भाषेमुळं, असं व्यासपीठावर म्हणायला बरं वाटतं. कचेरीत ते खरं असतं, बांधावर नेहमी नसतं.

ह्या सगळ्यात कोर्ट कुठं येतं? मोजणी आणि उतारा ह्यांनी मालकी ठरत नाही. कायद्याच्या कलम १३३ प्रमाणं उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढाच तिचा जोर. महाराष्ट्रात १९६६ च्या संहितेचं कलम १५७ आणि गोव्यात १९६८ च्या संहितेचं कलम १०५ हेच सांगतं. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. तिथं कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली. सरकारवर दावा करायचा तर आधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. पण नुसत्या मोजमापाची चूक असेल तर आधी मोजणी खात्याची शिडी चढा. कोर्टात माझ्या ओळखीच्या एकाची तिसरी पिढी चालू आहे.

माझे दाजी चंदगडचे. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, पण कोल्हापूर जिल्हा. तिकडं पहिल्या मोजणीवर हरकत घेतली की वरचा अधिकारी येऊन मोजतो, त्याला निमताना मोजणी म्हणतात, आणि त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना. दाजी मला फोनवर सांगायचे, "निमताना टाक की!" मी इथल्या कचेरीत निमताना म्हटलं तर कारकून माझ्याकडं बघतच राहिला. शब्द सोडून काम तेच आहे. गोव्यात परत वेगळं, तिथं उताऱ्याऐवजी फॉर्म एक-चौदा. गोव्यात कामाला असलेल्यांनी, विशेषतः ज्यांची तिथं आजोळची जमीन आहे त्यांनी, तो दरवर्षी काढून बघावा. मालक परगावी आहेत असं बघून खोट्या कागदांवर जमिनी परस्पर विकल्याची प्रकरणं इतकी निघाली की गोवा सरकारला २०२२ मध्ये त्यासाठी खास तपास पथक नेमावं लागलं.

रस्त्यासाठी, बायपाससाठी सरकार मोजायला येतं तेव्हा मुदती आणखी आखूड होतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली अधिसूचना निघाली की हरकतीला फक्त एकवीस दिवस. ती अधिसूचना दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि आपण वर्तमानपत्रातलं ते पान भज्यांना वापरतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली साठ दिवस, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणं मालक किंवा त्यानं लेखी नेमलेला माणूस हजर नसताना मोजणी करता येत नाही, आधी साठ दिवसांची नोटीस दिलेली असली तरच करता येते. हलगा-मच्छे बायपासचे शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात उभे राहिले, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडून एक घ्या, एकेकट्यानं जाऊ नका. पण अर्ज मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र द्या, आपल्या नंबराचा, आपल्या क्षेत्राचा. शंभर सह्यांच्या एका निवेदनाची एकच पोच मिळते. संयुक्त मोजणीच्या वेळी विहीर, बोअर, पाइपलाइन, फणस-आंब्याची झाडं मोजून लिहिली का ते तिथल्या तिथं बघा. भरपाई कागदावरच्या झाडांची मिळते.

आता तुमच्या गावठाणाचं. स्वामित्व योजना केंद्र सरकारनं २४ एप्रिल २०२० ला आणली. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून मालमत्तापत्र द्यायचं. योजना वाईट नाही, गावठाणातल्या घरांना आतापर्यंत नकाशाच नव्हता. ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात. ड्रोनला चुना दिसतो, हक्क दिसत नाही. शेजाऱ्यानं पायरीपर्यंत चुना मारला असेल तर नकाशात पायरी त्याची. छपराच्या पागोळ्या पुढं आल्या असतील तर भिंत कुठं आहे ते वरून कळत नाही. दोन भावांचं एकच छप्पर असेल तर एकच घर दिसतं, वाटणी दिसत नाही. परसू, गोठा, उकिरड्याची जागा, बोळ, देवळापुढचं मोकळं अंगण ह्या जागांवर सगळ्यात जास्त चुका होतात. म्हणून कच्चा नकाशा आल्यावर जागेवर पडताळणी आणि हरकती घ्यायचा टप्पा ठेवलेला आहे. तुम्ही आज त्या टप्प्यावर आहात. पक्कं पत्र हातात पडल्यावर हीच गोष्ट अपिलात जाऊन मागावी लागेल.

नकाशातला आपल्या घराचा नंबर शोधा. चारी बाजू टेपनं मोजा आणि नकाशातल्या आकड्यांशी ताडा. नाव तपासा, कन्नडातून लिहिताना आपल्या आडनावांचं काय होतं ते सांगायला नको. उतारा, आधार आणि नवं पत्र ह्यांत तीन आडनावं झाली की कर्ज देताना बँक परत पाठवते. मयताच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची नावं घाला, बहिणींची सुद्धा. जुना घरपट्टीचा कागद, पंचायतीचा नमुना ९ आणि ११ असला तर तो, लाइटबिल, वाटणीपत्र, जे असेल त्याच्या नकला जोडा. मराठी अर्ज वर, कन्नड भाषांतर खाली, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना निवेदन द्यायचं असेल तर जरूर द्या, कलम ३५०-ब खाली ते पद आहेच. पण त्या निवेदनानं इथली मुदत थांबत नाही, एवढं ध्यानात असू दे.

भाषांतराचं काम तुमची कॉलेजची पोरं करतील, मी मघाशी दोघींना विचारलं, त्या हो म्हणाल्यात. टेप मी आणलाय, शंभर फुटी. माझं एवढंच. आता नोटिसा बाहेर काढा आणि इकडं पुढं आणा, आधी तारखा बघू. ज्यांचे थोडे दिवस उरलेत त्यांच्या घरापासून मोजायला सुरुवात करू.